हातचा

हॅलिफॅक्समध्ये टायरच्या दुकानावरची खोली,
गुरुवार, साडेसात.
पाच पौंड मांडायचे आणि बसायचं.
कोट काढायचा नाही,
हीटर नुसता कुरकुरतो,
ऊब देतो ती एकट्या ब्रॉनिस्लावच्या घोट्यांना.

बोली पाच पेन्सपासून.
इचलकरंजीला आमच्या मेंढीकोटात
याहून मोठी भांडणं होत,
आणि तीही फुकट.

डावीकडे इफियोमा, रात्रपाळीची नर्स,
पत्ते असे धरते जणू नाडी बघतेय.
गॅरेथ शक्यता मोजतो, मोठ्याने, टक्क्यांत,
आणि टक्क्याटक्क्याने हरतो.
समोर नॉर्मन ॲक्रॉइड. चाळीस वर्षं बस चालवली,
अजून चाल करण्याआधी
उजव्या आरशात बघितल्यासारखी मान वळवतो.

माझी एक वही आहे.
डावीकडे आले, उजवीकडे गेले,
खाली हातचा.

फेब्रुवारी सगळा उजवीकडे.
दोन राजे घेऊन बसले होते त्या रात्री,
बदामचा आणि इस्पिकचा,
शेवटच्या पत्त्यापर्यंत डाव माझा.
गॅरेथ म्हणाला, अकरा टक्के,
आणि तरी बसला.
आली किलवरची दुर्री.
दुर्री! जिला आमच्याकडे
जोकर हरवला तर त्याच्या जागी घ्यायचे.
घराचा चढ चढताना
तो डाव मी सात वेळा परत खेळले.
सातही वेळा जिंकले.

एप्रिलात एकदा अकरा पौंड चाळीस आले.
कॉर्नरच्या दुकानातून दोन आंबे घेतले,
एक आत काळा निघाला.
तोही वहीत लिहिला, कुठल्या बाजूला ते ठरेना.

बाकी बहुतेक गुरुवार असे
की सांगण्यासारखं काही घडत नाही.
पत्ते येतात, बघायचे, परत सारायचे.
छक्की-तिर्री. सारा.
पंजी-नव्वी. सारा.
हा खेळ म्हणजे नव्वद टक्के सारणं,
हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही.
लॅबमध्ये दिवसभर इतरांचं रक्त तपासून आल्यावर
मला ते बरं वाटतं.
इथे काही बिघडलंच तर पाच पौंडांचं.

नॉर्मनचं एक गुपित मला ठाऊक होतं.
थाप मारताना तो अंगठी फिरवायचा.
बायको गेल्यावर सैल झालेली अंगठी,
एक पूर्ण वेढा, मग अर्धा.
चार वर्षांत मी कोणाला बोलले नाही.
तीस पेन्स, पन्नास पेन्स, एकदा दोन पौंड,
त्या अंगठीने मला गपचूप देऊ केले.
थोडी लाजही वाटायची.
थोडीच.

सप्टेंबरात कळलं, तो लेकीकडे चाललाय, टॉर्कीला, कायमचा.
शेवटच्या गुरुवारी केक होता, मेणबत्तीशिवाय.
दहा वाजता मोठा डाव पडला,
माझ्या हातात पाच चौकट, राणीपर्यंत.
नॉर्मनने होते नव्हते ते सगळे पुढे ढकलले
आणि अंगठी फिरवली.
एक वेढा. मग अर्धा.

सोडून द्यावं का, असं मनात आलं.
निरोपाची भेट म्हणून.
पण दया म्हणजे त्याला खेळाडू न मानणं,
म्हणून मी सगळे लावले.

त्याने पत्ते उलटले. तीन अठ्ठ्या, दोन गुलाम.
फुल हाउस.
सहा पौंड वीस गोळा करत म्हणाला,
चार वर्षं लागली गं तुला इथवर आणायला.

मी इतकी हसले
की इफियोमाने खरंच माझी नाडी बघितली.

वर्षाची बेरीज: वजा बारा पौंड पस्तीस.
हातचा मात्र काहीतरी उरलाय,
तो कुठे मांडायचा कळत नाही.

सध्या पत्ते वाईट आले
की मी बांगडी मनगटावर मागे सारते.
हळूच. दर गुरुवारी. आणि हरते.
नॉर्मनच्या खुर्चीवर आता एक नवा पोरगा बसतो,
बोलत नाही फारसा,
पण परवा
त्याची नजर माझ्या मनगटावर थांबली होती.